डिचोलीच्या बायकांची दोन नावे

१७३६ सालच्या एप्रिल महिन्यात गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक फर्मान काढले. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी जुन्यापैकी काय काय सोडायचे याची ती यादी होती. दारात तुळस ठेवायची नाही, लग्नात हळद लावायची नाही, धोतर नेसायचे नाही, आणि लग्नघरात ओव्या म्हणायच्या नाहीत. तुळस आणि हळद या धर्माच्या उघड खुणा, त्यांच्यावर रोख का होता ते कळते. ओवीवर का असावा? ओवीला पुजारी लागत नाही, देऊळ लागत नाही. चार बायका दळताना, कांडताना किंवा मांडवात बसून एक चाल धरतात एवढाच तिचा संभार. तरीही फर्मान लिहिणाऱ्यांनी ती यादीत घातली, कारण माणूस कोणाचा हे घरात कोण ठरवते याची त्यांना नेमकी जाण होती. नवऱ्या मुलीचे कूळ, मामा, गाव, कुलदैवत हे सगळे ओवीत एकत्र येते आणि बायकांच्या तोंडून पुढच्या पिढीत जाते. आज गोव्यातल्या गावागावांतील बायका मोबाईलच्या पडद्यावर आपले नाव, फोटो, फुगडी आणि गाव मांडू लागल्या, तेव्हा ‘हे नवे खूळ कुठून आले’ असे विचारणाऱ्यांनी आधी या फर्मानाकडे पाहावे. आपण कोण आणि कोणाचे, हा प्रश्न इथल्या बायका फार पूर्वीपासून सोडवत आल्या आहेत. साधने तेवढी बदलली. डिचोली तालुक्याचा इतिहास त्याचा चांगला पुरावा देतो.

ते फर्मान निघाले तेव्हा डिचोली त्याच्या टापूबाहेर होती. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेल्या होत्या. मांडवीच्या पलीकडची डिचोली सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होती. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्व्याला आला तो याच मुलखात, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचे देऊळ नव्याने बांधवले तेही इथेच. पोर्तुगीजांनी डिचोली घेतली ती १७८१-८२ च्या सुमारास, पेडणे त्यांना मिळाले १७८८ मध्ये. या उशिरा आलेल्या मुलखांना नव्या काबिजादी म्हणतात. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि नव्या प्रजेच्या चालीरीतींना हात लावायचा नाही हे धोरण राज्यकर्त्यांनी पत्करले होते. या छोट्या प्रदेशात शेजारशेजारी दोन वेगळे इतिहास घडले ते यामुळे. जुन्या काबिजादींत बायकांची गाणी चोरून म्हणावी लागली, नव्या काबिजादींत ती अंगणात उघड टिकली. डिचोली, सत्तरी, पेडणे या तालुक्यांत धालो आणि फुगडी हे बायकांचे गाण्यांवरचे नाच आजही भरभरून आढळतात याचे एक कारण हे राजकीय वेळापत्रक आहे. परंपरा आपोआप टिकत नाहीत. त्यांना टिकायला मोकळीक लागते, आणि ती इथे मिळाली.

धालो पौषात होतात. भाताची कापणी उरकलेली, रात्री थंड आणि चांदण्याच्या. वाड्यावरच्या एका ठरलेल्या अंगणात, म्हणजे मांडावर, बायका रात्री जमतात. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेभोवती हात घालून पुढे वाकतात, मागे सरतात. एका रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने ती झेलायची. आधी धरित्रीला आणि देवतांना आळवणी, मग घरची, रानातली, पाखरांची, संसारातली गाणी. पाच, सात, नऊ अशा रात्री हे चालते. शेवटच्या रात्री बायका सोंगे घेतात, त्यांत पुरुषांचीही सोंगे असतात. हा मांड बायकांचा आहे. पुरुषाला तिथे स्थान नाही, आणि जिथे त्याला दुरून पाहू देतात तिथेही मांडावर पाय ठेवू देत नाहीत. विनायक खेडेकरांनी ‘लोकसरिता’त गोमंतकीय लोकजीवनाची जी तपशीलवार नोंद केली, ती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ज्या गावगाड्यात देवळाचे मान, गावकारी, जमीन, न्यायनिवाडा सगळे पुरुषांच्या हाती होते, त्याच गावगाड्याने वर्षातल्या काही रात्री एक जागा पूर्णपणे बायकांना दिली होती. नव्या सुनेला वाडा ओळखू लागतो तो या जागेवर. तिने रांगेत उभे राहायचे, शेजारणीच्या कमरेत हात घालायचा, तिला माहेराहून आणलेले एखादे गाणे येत असेल तर तेही मांडाला द्यायचे. लग्नाने ती एका घराची होते. वाड्याची ती मांडावर होते.

या चित्रावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो योग्य आहे. मांड सगळ्यांचा नव्हता. तो वाड्याचा होता, आणि वाडा जातीचा होता. गावकुसाबाहेरच्या बायकांचे गाणे गावकुसाबाहेरच राहिले. गोव्यातल्या दिवजोत्सवात पेटत्या दिव्यांची ओळ घेऊन निघायचा मान सुवासिनींचा, विधवेला त्यात जागा नाही. हळदीकुंकवाला तिला बोलावणे नाही. बायकांच्या जागेतही काही बायका दाराबाहेर होत्या, आणि ते दार बहुतेक वेळा बायकांनीच धरून ठेवले होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ साली केला तेव्हा त्याची बातमी देशभर गेली. एवढ्या साध्या ठरावाची बातमी व्हावी, यावरून ती प्रथा किती घट्ट आहे ते कळते. म्हणून जुन्या मांडाला सुवर्णकाळ म्हणण्याचे कारण नाही. त्याची दुसरी मर्यादा कमी बोलली जाते. मांडावर बाईला आपलेपण मिळाले, नाव मिळाले नाही. हजारो गाणी उरली, पण एकाही गाण्याखाली ते रचणारीची सही नाही. लोकवाङ्मय अनामिकच असते असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. पण दशावताराच्या खेळात पुरुष नटांची नावे पंचक्रोशीला पाठ असतात आणि धालोच्या गाण्यातली बाई पिढ्यानपिढ्या निनावी राहते, हा भेद लोकवाङ्मयाच्या स्वभावाने समजावता येत नाही.

नावाचा प्रश्न डिचोलीत देवींनाही सुटलेला नाही. या परिसराची सर्वांत लाडकी कथा बहिणींची आहे. बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा इथे आले आणि एकेकीने एकेक गाव घेतला: शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या मोरजीची मोरजाई. आणि म्हापशाची मिराबाय, जिला ख्रिस्ती भाविक मिलाग्रीस सायबीण म्हणून पूजतात. शिरगावहून म्हापशाच्या फेस्ताला तेल जाते, म्हापशाहून जत्रेला फुले येतात. धर्म बदलला तरी बहिणींनी नाते सोडले नाही. या कथेत एक बारीक गोष्ट आहे. या देवींची ओळख गावावरून होते, नवऱ्यावरून होत नाही. लईराई कोणाची, तर शिरगावची. माणसांत हे उलट आहे. मयेकर, मुळगावकर, शिरगावकर, नार्वेकर, पिळगावकर, डिचोलकर ही सगळी आडनावे गावाची, पण गाव पुरुषाच्या बाजूने चालतो. मुळगावची मुलगी शिरगावकरांच्या घरी गेली की तिच्या नावातून मुळगाव पुसले जाते. बऱ्याच जातींत लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहून पहिले नावही बदलतात. मग आडनाव नवे, नाव नवे, उखाण्यात घ्यायचे नाव नवऱ्याचे. माहेरच्यांच्या, इथल्या बोलीत कुळारच्यांच्या, तोंडी जुने नाव आणि चतुर्थीला माहेराहून येणारे भेटीचे वजें, एवढ्याच वाटेने तिचे आधीचे आयुष्य तिच्यापर्यंत पोचत राहते.

इथे गोव्याच्या कायद्याने एक अनपेक्षित गुंता घातला. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० मध्ये वेगळा हुकूम निघाला, त्यात बायकोविरुद्ध जाणाऱ्या काही सवलतीही नवऱ्याला मिळाल्या. तरी मूळ तत्त्व राहिले: वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक. पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती मिळाल्यावर १९६२ च्या कायद्याने ही व्यवस्था चालू ठेवली. परिणाम असा की घरातली जमीन विकायची तर बायकोची सही लागते. लग्नाची सरकारदरबारी नोंद सक्तीची, आणि त्या नोंदीसाठीही दोघांना सह्या करायला जावे लागते. भारताच्या इतर भागांत ज्या काळात शेतकऱ्याच्या बायकोचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते, त्या काळात डिचोलीच्या बाईला दप्तराने नावाने हाक मारली. पण कोणत्या नावाने? जन्माच्या नोंदीत एक, घरात दुसरे, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कधी पहिले तर कधी दुसरे. म्हणून गोव्याच्या खरेदीखतांत, वाटणीच्या दाव्यांत आणि वर्तमानपत्रांतल्या जाहीर नोटिसांत बायकांच्या नावामध्ये ‘उर्फ’ हा शब्द येत राहतो. नाव बदलण्यासाठी १९९० साली गोव्याने स्वतंत्र कायदाच केला. डिचोलीत याचे मोल जास्त, कारण इथली जमीन लोहखनिजाची. विसाव्या शतकाच्या मध्यापासून शिरगाव, मुळगाव, पिळगाव, मये या पट्ट्यात खाणी वाढल्या आणि डोंगरमाथ्याच्या ओसाड तुकड्यालाही किंमत आली. सहीसाठी बोलावलेल्या बाईचा दोन्ही नावांवर हक्क आहे हे ‘उर्फ’ या एका शब्दाने मान्य केले. दप्तराने नाव दिले ते व्यवहाराच्या गरजेपोटी, आपलेपणाशी त्याला देणेघेणे नव्हते. तरीही माहेरचे आणि सासरचे नाव एका ओळीत लिहिण्याची पहिली जागा तीच होती.

नाव आणि आपलेपण यांची गाठ घालण्याचा धाडसी प्रयत्न मात्र वेगळ्याच बायकांनी केला. देवळांच्या सेवेत असलेल्या कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांना नवऱ्याचे नाव नव्हते आणि मुलांना बापाचे. त्याच समाजातल्या राजाराम पैंगीणकरांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ हे नाव दिले, त्या दोन शब्दांत सगळी वेदना येते. या स्त्रिया मुंबईला गेल्या, गाणे शिकल्या, आणि त्यांनी गावाचे नाव आडनाव म्हणून घेतले. पेडणे तालुक्यातल्या मालप्यात १८८३ मध्ये जन्मलेल्या अंजनीबाई मालपेकर, फोंड्याच्या केरीच्या केसरबाई केरकर, सांग्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. कुर्डी गाव पुढे साळावलीच्या धरणाखाली गेला, नावातली कुर्डी राहिली. बहिणींच्या कथेतल्या देवींप्रमाणे या बायकांनी ‘मी अमक्या गावची’ एवढीच ओळख जगापुढे ठेवली आणि ती जगाला मानायला लावली. संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री अंजनीबाई, ते साल १९५८. या उदयात यंत्राचा वाटा मोठा होता. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले तेव्हा गायिका गोहरजान तबकडीच्या शेवटी आपले नाव उच्चारत असे, कारण परदेशी कारखान्यात तबकडी कोणाची हे कळायला हवे. बाईचा आवाज आणि बाईचे नाव एकत्र नोंदण्याची सक्ती प्रथम यंत्राने केली. आणि यंत्राचा धोकाही याच बायकांनी प्रथम ओळखला. केसरबाईंनी मोजकीच ध्वनिमुद्रणे दिली, कारण आपले गाणे कोण कुठे कसे ऐकणार यावरचा ताबा त्यांना सोडायचा नव्हता. त्यांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेर निघाली, पण हयातभर त्या श्रोत्याच्या निवडीबाबत कडक राहिल्या. आज फोटो कोणाला दिसू द्यायचा हे ठरवण्यासाठी जी बाई मोबाईलच्या सेटिंगमध्ये शिरते, तिची चिंता नवी नाही. केसरबाईंचीही तीच होती.

मुक्तीनंतरचा बदल शाळेने केला. १९६३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे सरकार आले आणि मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांनी गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. नव्या काबिजादींतल्या बहुजन घरांतल्या मुली प्रथमच मोठ्या संख्येने शाळेत बसल्या. त्यांची अक्षरे मराठी होती आणि बोलणे कोकणी. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली, तेव्हा नव्या काबिजादींचा कल विलीनीकरणाकडे होता. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला, कोकणी राजभाषा ठरली, मराठीला शासकीय वापरात स्थान मिळाले, आणि वाद तरीही मिटला नाही. या सगळ्या काळातले इथले सर्वांत ठळक स्त्री नाव पेडण्यात जन्मलेल्या शशिकला काकोडकरांचे. वडील बांदोडकरांनंतर १९७३ ते १९७९ त्या मुख्यमंत्री होत्या, विधानसभेत त्या डिचोलीच्या प्रतिनिधी होत्या, आणि २०१६ मध्ये निधन होईपर्यंत मातृभाषेतल्या शाळांसाठी त्या झगडत राहिल्या. वडिलांचा वारसा आणि नवऱ्याचे आडनाव घेऊन त्या सत्तेत आल्या, लोकांनी मात्र त्यांना ‘ताई’ म्हटले. बहीण या नात्यानेच इथला समाज बाईला सार्वजनिक जागेत सहज स्वीकारतो, देवी असो की मुख्यमंत्री. भाषेच्या भांडणात पुरुषांनी व्यासपीठे वाटून घेतली. धालोच्या आणि फुगडीच्या गाण्यांत कोकणी आणि मराठी इतक्या एकमेकींत मिसळल्या आहेत की कुठली ओळ कोणाची हे ठरवणे अभ्यासकांनाही अवघड जाते. आज गावातल्या बायकांच्या गटांत आवाजी निरोप कोकणीत, सणाच्या शुभेच्छा मराठीत आणि घाईचा मजकूर रोमन अक्षरांत येतो. चळवळीच्या दृष्टीने ही सरमिसळ असेल. माझ्या मते मांडाची भाषा तीच होती आणि ती आता लेखी झाली.

मोबाईल इथे किती पोचला आहे याचा एक भरवशाचा आकडा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात सुमारे ३३ टक्के, महाराष्ट्रात ३८ आणि गोव्यात जवळपास ७४ टक्के आढळल्या. गोव्याचे हे वेगळेपण शिक्षणाने आणि छोट्या अंतरांनी आणले. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या डेटाने ते खेड्यांपर्यंत नेले. खाणबंदीचाही त्यात अप्रत्यक्ष हात आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रक, बार्ज, गॅरेज यांवर जगणाऱ्या घरांचे उत्पन्न एकाएकी तुटले आणि बायकांच्या बचतगटांना, घरगुती खाद्यपदार्थांना, शिवणकामाला बाजार शोधावा लागला. फोन हा त्यांचा ठेला झाला. पण ठेल्याबरोबर पाटी आली, आणि पाटीवर नाव लागते. फेसबुकने नावाशेजारी माहेरचे नाव दाखवण्याची सोय ठेवली आहे. जगभरच्या बायकांसाठी ती किरकोळ सोय असेल. ज्या तालुक्यात लग्नाने नाव आणि आडनाव दोन्ही पालटते, तिथे शाळेतल्या मैत्रिणीला आपण सापडावे म्हणून लिहिलेले ते जुने नाव म्हणजे दप्तरातल्या ‘उर्फ’चेच दुसरे रूप आहे. फरक एवढाच की तिथे ते वकिलाने लिहिले होते आणि इथे तिने स्वतः लिहिले. याउलट कित्येक जणी व्हॉट्सॲपच्या गोलात स्वतःचा चेहरा ठेवत नाहीत. तिथे गणपती असतो, मूल असते, अबोलीचा वळेसर असतो. नाव द्यायचे पण चेहरा राखायचा, किंवा चेहरा फक्त वाड्याच्या गटात दाखवायचा, ही घासाघीस रोज चालते. तिला लाजाळूपणा म्हणणे चुकीचे आहे. कोणासमोर किती उघडे व्हायचे याचा तो हिशेब आहे, आणि मांडावरही तोच हिशेब होता.

इथे सर्वांत कठीण आक्षेप समोर येतो. मांडाचे बळ बंदिस्तपणात होते. नवऱ्याची, सासूची, गावातल्या बड्याची खिल्ली उडवता येत होती ती ऐकायला परका पुरुष नव्हता म्हणून. पडदा मात्र सगळ्या जगाला उघडा. धालो आणि फुगडी प्रथम रंगमंचावर आल्या, सरकारी लोकोत्सवांत आणि चतुर्थीनंतरच्या फुगडी स्पर्धांत. परीक्षक आले, वेळेची मर्यादा आली, एकसारखी नऊवारी आली. मग टिकटॉक आले, २०२० च्या जूनमध्ये त्यावर बंदी येताच पुढच्याच महिन्यात रील्स आले, आणि फुगडीची दोन मिनिटे कोणाच्याही हातात फिरू लागली. त्याखाली घाणेरडे शेरे येतात, वयावर आणि अंगावर बोलले जाते, आणि चित्रीकरण करणाऱ्याने बाईला विचारलेलेही नसते. मग हा सौदा फायद्याचा कसा? माझे उत्तर असे की तो फायद्याचा किंवा तोट्याचा ठरणे एका गोष्टीवर अवलंबून आहे: दार कोणाच्या हातात आहे. ज्या पथकातल्या बायका स्वतः चित्रीकरण ठरवतात, ग्रामदेवतेच्या नावाबरोबर आपलीही नावे देतात, विनोदाची आणि सोंगाची गाणी बाहेर न सोडता आळवणीची गाणी सोडतात, त्यांनी मांडाची शिस्त पडद्यावर नेली आहे. जिथे ही निवड दुसऱ्याने केली तिथे मांड मोडला. तंत्रज्ञानाला सरसकट दोष देणारे ही वाटणी पाहत नाहीत, आणि त्याचे सरसकट गोडवे गाणारेही पाहत नाहीत.

आणखी दोन मुद्दे ऐकू येतात. एक, हे सगळे धर्मकृत्याशी जोडणे अयोग्य आहे. धालो हे व्रत, पोस्ट टाकणे ही हौस. पण रात्रभर चालणाऱ्या धालोत आळवणीचा भाग थोडा आणि बायकांच्या परस्पर बोलण्याचा भाग मोठा होता, हे त्या गाण्यांचे विषयच सांगतात. व्रताने रात्रीची सवड मिळवून दिली, सवडीत बायकांनी आपले काम केले. हौस म्हणून हेटाळल्या जाणाऱ्या गोष्टींच्या आडून बायकांनी नेहमीच महत्त्वाची कामे उरकली आहेत. दुसरा मुद्दा असा की यातून नफा दूरदेशीच्या कंपन्यांना होतो आणि बाई त्यांचा माल बनते. हे खरे आहे. तबकड्यांचा नफाही परदेशी कंपनीलाच गेला होता, म्हणून अंजनीबाईंच्या पिढीने मिळवलेली प्रतिष्ठा खोटी ठरत नाही. मात्र एक फरक मान्य केला पाहिजे. तबकडी कंपनीची असली तरी गाणे घरात राहत होते, पुढच्या मुलीला शिकवता येत होते. पडद्यावरच्या बायकांचे गट, त्यांच्या आठवणी, सुनांनी माहेराहून आणलेली गाणी एखादे खाते बंद पडताच नाहीशी होऊ शकतात. ओवी तोंडी होती म्हणून १७३६ च्या फर्मानाला पुरून उरली. आजच्या नोंदी तितक्या चिवट आहेत असे मानायला काहीच आधार नाही.

आणि ज्यांना मांडाने बाहेर ठेवले त्यांचे काय? इथे मोबाईलची बाजू स्पष्टपणे भक्कम आहे. वाड्याच्या गटात सामील व्हायला कपाळावर कुंकू लागत नाही. शाळेच्या जुन्या वर्गाच्या गटात वाडाही विचारला जात नाही. एका बाकावर बसलेल्या वेगवेगळ्या जातींच्या मुली लग्नानंतर वेगवेगळ्या मांडांवर विखुरल्या होत्या, त्या पुन्हा एका यादीत आल्या. जात गेली असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. गटांतूनही ती शिरते, निवडणुकीच्या दिवसांत तर उघड शिरते. पण विधवेने फुगडीचा जुना फोटो टाकावा, त्याखाली तिच्या माहेरच्या नावाने हाका याव्यात, आणि कोणी तिला थांबवू नये, एवढी जागा गावगाड्याने तिला कधी दिली नव्हती. ती या साधनाने दिली, आणि तिची किंमत ज्यांना ती पूर्वी नाकारली गेली त्यांनाच नीट कळते.

म्हणून डिचोलीतल्या पंचायती, देवस्थान समित्या, स्पर्धा भरवणारी मंडळे आणि लोकसाहित्याचे अभ्यासक यांच्याकडे दोन मागण्या कराव्याशा वाटतात. मांडावरचे किंवा रंगमंचावरचे चित्रीकरण करण्याआधी त्या बायकांची परवानगी घ्या, आणि त्यांनी नाही म्हटले तर कॅमेरा खिशात ठेवा. शेवटच्या रात्रीची सोंगे त्यांची आहेत. आणि जे त्या स्वखुशीने देतील ते नोंदवताना केवळ ‘गावातील महिला’ असे लिहू नका. गाणे म्हणणारीचे नाव लिहा, माहेरचे आणि सासरचे दोन्ही, गाणे ती कोणत्या गावाहून घेऊन आली त्या गावाचेही. आज सत्तरी ओलांडलेल्या बायकांकडे ही गाणी आहेत, ती नावांसकट लिहून घ्यायला फार वर्षे हातात नाहीत. येत्या पौषापासून सुरुवात करा.